शेततळ्याभोवती लेझर अलार्म: बसवायचा का, आणि बसवायचा तर कसा

राम राम भाऊ. बाकीच्यांना पण कळावं म्हणून तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. तुम्ही यवतमाळ जिल्ह्यात वावरातच घर बांधून राहता, घरापासून साठ-सत्तर फुटांवर २० बाय २० मीटरचं पन्नीचं शेततळं आहे, घरात अडीच वर्षाची मुलगी आणि पाच वर्षाचा मुलगा, मोठी माणसं दिवसभर कामात. तुम्हाला ऑनलाइन साडेतीन हजाराचा लेझर अलार्म दिसला, त्यावर स्विमिंग पूल सेफ्टी असं लिहिलेलं आहे, आणि तुम्ही विचारून राहिले की हा तळ्याभोवती चालेल का आणि कसा बसवायचा. मी वर्धा-यवतमाळ पट्ट्यात कॅमेरे, सोलर झटका मशीन (जनावरं अडवायला तारेत झटके सोडणारी) आणि बीम अलार्म बसवायचं काम करतो, त्यामुळे जे सांगतो ते वावरात बसवून, दुरुस्त करून पाहिलेलं आहे.

चालते. पण तुमचा खरा प्रश्न लेझरचा नाही. अलार्म लेकराला अडवत नाही, लेकरू पाण्याकडे निघालं एवढंच तो तुम्हाला सांगतो. म्हणजे त्याच्याकडून तुम्हाला मिळतात फक्त काही सेकंद, आणि ते सेकंद पुरतील का यावर सगळं ठरतं. बाकी खांब कुठं, उंची किती, बॅटरी कोणती, हे सगळं त्या सेकंदांचाच हिशोब आहे.

आधी हे समजून घ्या की बुडणारं लहान लेकरू आवाज करत नाही. तोंड पाण्याखाली गेलं की ओरडायला श्वासच राहत नाही, हात पाय मारल्याचा आवाज पण फारसा होत नाही. शुद्ध मिनिटा-दोन मिनिटांत हरपू शकते आणि ऑक्सिजनशिवाय चार ते सहा मिनिटांत मेंदूला कायमचं नुकसान व्हायला लागतं. त्यात आपलं शेततळं म्हणजे हॉटेलातला पूल नाही. पूलला पायऱ्या असतात, एका बाजूला उथळ पाणी असतं. शेततळं तीन मीटर खोल, चारही बाजूनं उतार, त्यावर पन्नी, आणि पाण्याच्या कडेला शेवाळ धरलेलं. चांगला पोहणारा गडी त्यावर पाय ठेवून वर येऊ शकत नाही, लेकराचं तर सोडूनच द्या. २०१६ पासून मागेल त्याला शेततळं योजनेत आणि नंतरच्या योजनांत गावोगाव तळी झाली, पाणी झालं ही फार चांगली गोष्ट आहे, पण घराजवळच्या तळ्यावर सुरक्षेचा खर्च पन्नीच्या खर्चासोबतच धरायला पाहिजे असं माझं ठाम मत आहे.

आता तुमचा हिशोब करू. अडीच वर्षाचं लेकरू पळालं तर सेकंदाला मीटर-दीड मीटर जातं. बीम, म्हणजे अलार्मचा किरण, जर पाळीच्या (तळ्याभोवतीच्या मातीच्या बांधाच्या) माथ्यावर, पाण्याच्या काठाला लावला, तर बीम तुटल्यापासून लेकरू पन्नीवर घसरेपर्यंत एक-दोन सेकंद. बीम पाळीच्या बाहेरच्या पायथ्याच्याही अलीकडे असला तर तेच पाच-सहा सेकंद होतात, आणि पाळ चढायला लेकराला अजून थोडे लागतात. मोठा माणूस ओसरीतून उठून, काय झालं ते उमजून, सत्तर फूट पळून, फाटक उघडून पोचेपर्यंत पंधरा-वीस सेकंद धरा. म्हणजे घरात जागं, धडधाकट माणूस असलं तर हा अलार्म जीव वाचवू शकतो. पण घरी फक्त आजी असतील, गुडघे दुखतात, चालायला वेळ लागतो, आणि तुम्ही दोघं अर्धा किलोमीटर दूर कापूस वेचून राहिले असाल, तर कितीही भारी अलार्म घ्या, काही उपयोग नाही. हे तुमचं तुम्हालाच माहीत, म्हणून हो किंवा नाही असं एका शब्दात मी सांगू शकत नाही. दिवसाच्या कोणत्या वेळी घरी कोण असतं हे आधी खरं खरं लिहून काढा.

म्हणून मी कोणालाही पहिले कुंपण सांगतो. जागतिक आरोग्य संघटना पण पाण्याकडे जाणारी वाट अडवा हेच सांगते, आणि बाहेरच्या देशांत घरगुती पूलवर जो अभ्यास झाला त्यात पाण्याला चारही बाजूनं स्वतंत्र कुंपण असलेलं जास्त सुरक्षित निघालं, सगळ्या आवाराला मिळून एकच कुंपण असलेलं कमी. आपल्याकडे हीच चूक होते. तीन बाजूनं जाळी मारतात आणि घराकडची बाजू मोकळी सोडतात, कारण मोटर चालू करायला रोज जावं लागतं. लेकरू तर घराकडूनच येणार ना.

कुंपण चार फुटांपेक्षा कमी नको, पाच फूट असलं तर चांगलंच. खालून दहा सेंटीमीटरपेक्षा जास्त फट नको. काटेरी तार ढोरांसाठी ठीक, लेकरू तिच्या खालून सरळ निघून जातं. चेनलिंक जाळी घेता तर बारीक घराची घ्या, शेताला लावतात त्या मोठ्या घराच्या जाळीत लेकराचा पाय बरोबर बसतो आणि ते शिडीसारखं वर चढतं. मोठी जाळी आधीच असेल तर खालून तीन-चार फूट टिनाचे पत्रे मारा. फाटक पाण्याच्या विरुद्ध दिशेला उघडणारं, स्प्रिंगनं आपोआप बंद होणारं, आणि कडी साडेचार फुटांच्या वर. कुंपणाला लागून ड्रम, खाट, पाइपाचा ढीग काही ठेवू नका. आणि एक हात जोडून सांगतो, लेकरांसाठी म्हणून झटका तार तळ्याला लावू नका. रानडुक्कर, रोहीसाठी वावराच्या धुऱ्यावर मशीन ठीक आहे. पाण्याजवळ, ओल्या जमिनीवर, लहान लेकरू तारेत गुंतलं तर ते स्वतःहून सुटू शकत नाही. आणि थेट लाईटचा करंट तर कुठंच नाही, तो गुन्हा आहे आणि त्यानं माणसं मरतात.

तुम्ही म्हणाल अलार्म विचारला तर हा कुंपणच सांगून राहिला. पण कुंपणाशिवाय अलार्म टिकतच नाही. वावरात रात्रभर काय काय फिरतं तुम्हाला माहीत आहे. कुत्रं, मांजर, डुक्कर, सकाळी कोंबड्या, दुपारी बकऱ्या. प्रत्येक वेळी बीम तुटणार, प्रत्येक वेळी सायरन वाजणार. पहिले दोन दिवस सगळे धावतात, चौथ्या दिवशी कोणी उठत नाही, आठव्या दिवशी घरातलंच कोणीतरी वायर काढून ठेवतं. बंद पडलेले जेवढे अलार्म मी पाहिले त्यातले बहुतेक बिघडलेले नव्हते, कंटाळून बंद केलेले होते. म्हणून कुंपण बाहेर, पाळीच्या पायथ्यापासून दहा-बारा फुटांवर, आणि बीम कुंपणाच्या आत दोन-तीन फुटांवर, असं ठेवा. मग जनावर आत येत नाही, आणि सायरन वाजला म्हणजे फाटक उघडं राहिलं किंवा कोणीतरी आत गेलं, असा त्याचा एकच अर्थ राहतो. फ्रान्समध्ये २००३ च्या कायद्यानं खाजगी पूलला कुंपण, अलार्म, कव्हर किंवा बंदिस्त छत यापैकी एक तरी लावावंच लागतं, म्हणजे तिथं नुसता अलार्म पण चालतो. आपल्या वावरात मात्र मी नुसत्या अलार्मवर भरोसा ठेवायला सांगणार नाही.

आता तुम्ही पाठवलेल्या सेटबद्दल. फोटोत लाल ठिपका दिसून राहिला, म्हणजे साधा लाल लेझर आणि समोर उजेड मोजणारा सेन्सर. हा घेऊ नका. या सेन्सरला उजेड दिसला की त्याला वाटतं सगळं ठीक आहे. भर दुपारच्या उन्हात मधून लेकरू गेलं, लेझर अडला, तरी उन्हाचा उजेड सेन्सरवर पडूनच राहिला तर तो वाजतच नाही. खोटा अलार्म त्रास देतो, पण हा गप्प राहणारा अलार्म फार धोक्याचा, कारण तुम्ही निर्धास्त होता. शिवाय डोळ्याला दिसणारा लेझर लेकरं वाकून वाकून पाहतात, तेही चांगलं नाही.

त्याऐवजी ॲक्टिव्ह इन्फ्रारेड बीम घ्या, दुकानात ड्युअल बीम म्हणून मागा. एका खांबावर ट्रान्समीटर, समोरच्यावर रिसीव्हर. त्याचा किरण ठराविक वेगानं चालू-बंद होत राहतो, आणि रिसीव्हर फक्त तोच किरण ओळखतो, उन्हाला ओळखत नाही. दोन किरण वर-खाली असतात आणि दोन्ही एकदम तुटले तरच वाजतो, त्यामुळे पान उडालं, चिमणी गेली तरी शांत राहतो. तुमच्या कुंपणाच्या आतली एक बाजू साधारण ३० मीटर भरेल, तर ६० मीटर आउटडोअर लिहिलेला सेट घ्या. धूळ, धुकं, आषाढातला पाऊस यात ताकद कमी होते, म्हणून दुप्पट धरायचं. खोक्यावर इनडोअरचा मोठा आकडा लिहिलेला असतो, त्याला भुलू नका.

उंचीचं असं आहे की घरातलं सगळ्यात लहान लेकरू धरून ठरवायचं. तुमच्या मुलीसाठी जमिनीपासून एक फूट. पण पाच वर्षाचा मुलगा एकदा कळलं की एक फुटावरून उडी मारतो, म्हणून घराकडच्या बाजूला दुसरी जोडी अडीच फुटांवर लावा. बाकी तीन बाजूंना एकच पुरे. आणि जमीन सारखी करून घ्या, मधे खड्डा असला तर लेकरू तिथं बीमच्या खालून जातं. मी दोरी ताणून पूर्ण लाईन तपासतो, दोरी आणि जमिनीत कुठंच एक फुटापेक्षा जास्त जागा राहायला नको.

आता खांब. इथं सगळ्यात जास्त लक्ष द्या, कारण आपली काळी माती. पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि तिच्यात उभा केलेला खांब दरवर्षी थोडा थोडा हलतो. खांब फक्त एक अंश झुकला तर ३० मीटरवर किरण अर्धा मीटर सरकतो. लेझर एवढा बारीक असतो की तो लगेच चुकतो, इन्फ्रारेड बीम पसरट असतो म्हणून थोडं सांभाळून घेतो, पण जास्त झुकला तर तोही जातो. म्हणून खड्डा मुरूम लागेपर्यंत खोदा, मुरूम खोल असेल तर निदान तीन फूट, खालून रुंद, दोन इंची जीआय पाइप काँक्रीटमध्ये, आणि भोवती काळी माती परत न भरता मुरूम भरा. पाळीच्या भरावावर खांब उभा करू नका, ती माती दोन-तीन पावसाळे बसतच राहते. बांबू, लाकडी बल्ली तर नकोच. आणि सगळं झाल्यावर पण दिवाळीनंतर एकदा आणि मे महिन्यात एकदा लाईन पुन्हा जुळवायची. बहुतेक सेटमध्ये रिसीव्हरला मल्टीमीटर लावायची जागा असते, व्होल्टेज सगळ्यात जास्त येईल तिथं स्क्रू कसायचा, नुसता हिरवा लाईट लागला म्हणून सोडायचं नाही.

चार कोपऱ्यांचं एक गणित आहे. एका कोपऱ्यावर दोन्ही ट्रान्समीटर, पुढच्यावर दोन्ही रिसीव्हर, असं लावा, म्हणजे एका बाजूचा किरण दुसऱ्या बाजूच्या रिसीव्हरला फसवत नाही. सेटला चॅनल बदलायची सोय असली तर प्रत्येक बाजू वेगळ्या चॅनलवर ठेवा, घराकडच्या बाजूला वरची आणि खालची जोडी पण. कोपऱ्यात फट राहू देऊ नका, दोन लाईनी एकमेकींना ओलांडून थोड्या पुढं जाऊ द्या. पूर्व-पश्चिम जाणाऱ्या दोन बाजूंना उन्हाचा विचार करा. मार्च आणि सप्टेंबरमध्ये सूर्य बरोबर पूर्वेला उगवतो आणि बरोबर पश्चिमेला मावळतो, तेव्हा तो थेट रिसीव्हरच्या भिंगात येतो आणि चांगला सेट पण गडबडतो. लेकरं संध्याकाळी जास्त बाहेर असतात, म्हणून त्या दोनपैकी जिकडून लेकरू येण्याची शक्यता जास्त त्या बाजूच्या रिसीव्हरचं तोंड पूर्वेला ठेवा, कोपऱ्यांच्या या मांडणीत दुसऱ्याचं पश्चिमेला येणारच. वरून छोटी टिनाची टोपी लावा, तेवढ्यानं पण फरक पडतो.

लाईटवर भरोसा नको, सगळं १२ व्होल्टवर चालवा, पाण्याजवळ २३० व्होल्ट न्यायचंच नाही. पाच जोड्या मिळून साधारण अर्धा अँपिअर खातात, म्हणजे दिवसाला १२ अँपिअर-अवर. झटका मशीनसोबत येणारी ७ अँपिअर-अवरची बॅटरी इथं एक दिवस पण पुरत नाही. ४० ची बॅटरी आणि ७५ वॅटचं पॅनल घ्या, पावसाळ्यातले दोन ढगाळ दिवस निघतात. वायर पाइपातून टाका, खार आणि उंदीर सोडत नाहीत. झटका मशीनची तार जवळ असेल तर बीमची वायर तिच्या बाजूनं नेऊ नका, झटक्याच्या प्रत्येक ठोक्याला खोटा सिग्नल येऊ शकतो. जोडणी एनसीवर (नॉर्मली क्लोज्ड, म्हणजे सगळं ठीक असताना सर्किट जोडलेलं) करा, म्हणजे वायर तुटली किंवा सेटची बॅटरी उतरली तरी सायरन वाजतो, गप्प बसत नाही. त्यासाठी सायरनला घरात वेगळी बॅटरी पाहिजे. मे-जूनच्या विजांसाठी अर्थिंग आणि सर्ज प्रोटेक्टर पण लावून घ्या.

मुख्य सायरन घरात पाहिजे, तळ्यावर नाही. खोक्यावर ११० डेसिबल लिहिलेलं असतं ते एक मीटरवरचं, आणि अंतर दुप्पट झालं की सहा डेसिबल कमी होतात. तळ्यावरचा सायरन सत्तर फुटांवर घरात पोचेपर्यंत, मधे भिंत, बंद खिडकी, आणि एप्रिल-मे मध्ये दिवसभर घरघरणारा कूलर, हे सगळं मिळून त्याचं काही राहत नाही. एक सायरन ओसरीत, एक आतल्या खोलीत, आणि दुपारी कूलर चालू करून कोणाला तरी बीम तोडायला लावा, झोपलेल्या माणसाला जाग आली तरच पास. मोबाईलवर मेसेज येणारा सेट घ्यायचा तर घ्या, पण रेंज गेली, फोन चार्जिंगला दुसऱ्या खोलीत राहिला, तर ते सेकंद गेले.

आता रोज मोटरवर कसं जायचं? इथं भलेभले अडकतात. माणूस जाताना अलार्म बंद करतो आणि येताना चालू करायला विसरतो. त्यासाठी साधा बंद-चालू बटन लावूच नका. टाइमर रिले लावा, बटन दाबलं की दहा मिनिटं बंद, मग आपोआप चालू. अमेरिकेच्या नियमांत पूलकडच्या दाराचा अलार्म १५ सेकंदांपेक्षा जास्त वेळ बंद ठेवता येत नाही आणि त्याचं बटन ५४ इंचांच्या वर पाहिजे, ते याच कारणासाठी. तुम्हाला १५ सेकंद पुरणार नाहीत हे मान्य, पण दहा मिनिटांच्या वर जाऊ नका, आणि बटन लेकराच्या हाताला लागणार नाही इतकं उंच ठेवा. त्या दहा मिनिटांत लेकरू घरात कोणाच्या तरी नजरेखाली पाहिजे.

पावसाळ्यात बीमखालचं गवत, तरोटा, गाजरगवत आठवड्याला कापायचं, नाहीतर वाऱ्यानं हलून वाजत राहतो. कोळ्याचं जाळं आणि धूळ ओल्या कपड्यानं पुसायची. आणि दर रविवारी प्रत्येक बाजूनं एकदा स्वतः चालून पाहायचं. खाली वाकून, लेकराच्या उंचीनं.

एवढं करून पण लेकरू पाण्यात गेलं तर काय, हे आजच ठरवून ठेवा. चारही बाजूंना खुंट ठोकून जाड दोर, त्याला फुटा-फुटावर गाठी, दुसरं टोक पाण्यात सोडलेलं. ट्रकचा हवा भरलेला ट्यूब आणि लांब बांबू फाटकाजवळ, कोणी वखारीत नेऊन ठेवणार नाही असा बांधलेला. दोर न धरता मोठ्यानं पण आत उडी मारायची नाही, त्या पन्नीवरून तो पण वर येणार नाही. लेकरू बाहेर काढलं आणि श्वास नाही, तर पोट दाबणं, उलटं धरणं, गरगर फिरवणं काही करू नका, त्यात वेळ जातो. पाठीवर झोपवा, डोकं किंचित मागं, तोंडानं पाच श्वास द्या छाती वर येईल असे, मग छातीच्या मधोमध ३० वेळा दाबा, परत दोन श्वास, असं थांबू नका. दुसऱ्या कोणी १०८ ला फोन लावायचा, एकटेच असाल तर फोन स्पीकरवर ठेवून. हे वाचून येत नाही, जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा, कोणीतरी हातानं करून दाखवेल, घरातल्या सगळ्यांनी शिका, आजीसकट.

पैसे एकदम नसतील तर क्रम असा ठेवा: या आठवड्यात दोर, ट्यूब आणि घराकडच्या बाजूला पत्रे, नंतर पूर्ण कुंपण आणि फाटक, बीम त्याच्यानंतर. तोपर्यंत मोठं माणूस तळ्याकडे असताना पण लेकराला सोबत न्यायचं नाही.

तुम्ही ओसरीपासून पाळीच्या पायथ्यापर्यंतचं अंतर टेपनं मोजून टाका, पूर्व कोणत्या बाजूला ते सांगा, आणि पाळीच्या बाहेरच्या उताराचा एक फोटो टाका. जमिनीत मुरूम किती फुटांवर लागतो ते विहीर खोदणाऱ्याला विचारलं तर लगेच सांगेल. एवढं आलं की खांब कुठं कुठं घ्यायचे ते मी कागदावर काढून इथंच टाकतो.